यिडल मितन फिडल

यिडिश या पूर्व युरोपातील ज्यूंच्या भाषेतील संगीतप्रधान विनोदी चित्रपट (1936). नावाचा अर्थ ‘व्हायोलिनवाला यिडल’. ‘यिडल’ हे ‘ज्यू’ या शब्दाचे लाडिक रूप आणि मुलाला हाक मारण्याचे नावही. ‘फिडल’शी जुळणारे त्याचे यमक कोणत्याही भाषांतरात हाती लागत नाही.

पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या जोसेफ ग्रीन यांनी तो पोलंडला परतून काढला. यान नोविना-प्शिबिल्स्की सहदिग्दर्शक होते. संगीत अब्राहम एल्स्टाइन यांचे, गीते कवी इत्सिक मांगर यांची. खर्च सुमारे 50,000 डॉलर झाला आणि त्यातले 10,000 एकट्या नायिका मॉली पिकॉन यांचे मानधन होते. न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीवर त्यांचे नाव एवढे मोठे होते की हा हिशेब बरोबरच ठरला.

घराबाहेर काढलेले आर्ये आणि त्याची मुलगी इत्के पोटासाठी गावोगाव वाजवत निघतात. तरुण मुलीने असे भटकणे धोक्याचे म्हणून इत्के मुलाचा वेश घेऊन ‘यिडल’ होते. वाटेत आणखी दोन वादक भेटतात आणि चौघांचा ताफा जमतो. त्यातल्या फ्रॉइमवर यिडलचा जीव जडतो. त्याच्या लेखी मात्र यिडल म्हणजे एक पोरगा. सगळा विनोद या एका गाठीवर उभा आहे. प्रेक्षकाला पहिल्यापासून सारे ठाऊक असते, त्यामुळे फ्रॉइमने दोस्तीत पाठीवर मारलेल्या प्रत्येक थापेवर हसू येते आणि इत्केची कीवही येते. पिकॉन तेव्हा अडतिशीच्या होत्या, पण लहान चण आणि चपळ अंग यांमुळे पोरगेलेपणा खरा वाटतो.

चित्रपटाचा कळस म्हणजे लग्न. तायबेले या तरुणीला म्हाताऱ्या श्रीमंताच्या गळ्यात बांधले जात असते. पूर्व युरोपातल्या पारंपरिक ज्यू लग्नात वधूला बसवून रडवण्याची रीतच होती. इथे तिचे अश्रू खरे असतात, आणि वादक तिला पळून जायला मदत करतात. हा प्रसंग व्हिस्टुला नदीकाठच्या काझिमिएश डोल्नी गावात तिथल्याच ज्यू रहिवाशांना घेऊन सुमारे 30 तास सलग चित्रित झाला. पंक्तीतले जेवण खरे आणि कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे केलेले, होते. त्या चेहऱ्यांमुळे हा प्रसंग आज दस्तऐवजाच्या मोलाचा झाला आहे, कारण 1942 मध्ये नाझींनी ही वस्ती नष्ट केली.

पळालेली तायबेले गायिका म्हणून ताफ्यात सामील होते, पण शेवटाकडे वॉर्सातल्या नाट्यगृहात ऐनवेळी नाहीशी होते. तिच्या जागी रंगमंचावर पोचलेली इत्के आपली खरी कहाणी सांगत सुटते आणि प्रेक्षक ती नक्कल समजून हसतात. पिकॉन यांचे सर्वांत कसदार काम याच प्रवेशात आहे.

1956 मध्ये चित्रपट इंग्रजी आवाज चढवून पुन्हा प्रदर्शित झाला. त्यात यिडिशमधली ‘-ल’, ‘-एले’ ही लाडाची रूपे जातात आणि पात्रांमधली जवळीकही पातळ होते. पाहायचा तो मूळ ध्वनीसह, उपशीर्षके लावून.