ओळखींवर पीआर, म्हणजे जनसंपर्काचं काम, चालतं?

‘बोलण्यात गोडवा हवा आणि चार पत्रकार ओळखीचे हवेत, मग पीआरमध्ये आयुष्य निघतं.’ मास कॉमच्या मुलांना हे हमखास ऐकवलं जातं. ओळखीने फोन उचलला जातो, एवढंच खरं. बातमी छापून येत नाही. शिवाय ओळखीचा वार्ताहर बीट (बातम्यांचा ठरलेला विषय) बदलतो, पेपर सोडतो. पाच वर्षांत तुमची डायरी शिळी.

टिकतं ते लिखाण. संध्याकाळी सातला पेपरच्या डेस्कवर प्रेसनोटांचा ढीग असतो. पहिल्या तीन ओळी ‘सन्माननीय’, ‘भव्यदिव्य’, ‘शुभहस्ते’ यांतच गेल्या, की ती नोट गेली कचऱ्यात. काय, कुठे, कधी हे वरच असेल आणि खालच्या नंबरवर फोन उचलणारा माणूस असेल, तर ती वाचली जाते.

आणि वाईट दिवशीचं वागणं. ऑक्टोबर 1906 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पुलावरून रेल्वे पाण्यात कोसळली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा कंपन्या अपघात दडपायच्या. आयव्ही ली या पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या सल्लागाराने उलट निवेदन काढलं, बातमीदारांना जागेवर नेण्याची सोय केली. ली स्वतः आधी बातमीदार होता, हे इथे महत्त्वाचं. (याच लीचं नाव 1934 मध्ये नाझी जर्मनीतल्या आयजी फार्बेन या रसायन कंपनीच्या कामामुळे काळवंडलं. जवळपास तीस वर्षांची कमाई, एका अशिलापायी!)

त्यामुळे मुलाखतीत ‘माझ्या खूप ओळखी आहेत’ म्हणण्यापेक्षा स्वतः लिहिलेल्या दोन प्रेसनोटा दाखवा.