दुधी कडू लागला? फेकून द्या
“कडू आहे ना, मग साखरेवर उतारा!” असं म्हणत दुधीचा रस नाक दाबून पिणारे मधुमेही ओळखीत असतातच. पण कारल्याचा न्याय दुधीला लागत नाही. कारलं कडूच असतं, दुधी मुळात गोडसर. तो कडू झाला म्हणजे त्यात कुकुरबिटासिन हे विष वाढलेलं असतं. मग पोटात कळा, उलट्या, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब घसरणं. काहींचा जीवही गेलाय. या विषावर उतारा नाही, उकळूनही ते जात नाही. रस काढण्याआधी चकती चाखा, कडू लागली तर थुंका. दुधीत कारल्याचा रस मिसळणं तर आणखी वाईट, कारण कडूपणा कुणाचा तेच कळत नाही. त्रास झालाच तर घरगुती उपाय नकोत, थेट दवाखाना गाठा.