नफा

नफा (पुल्लिंगी, सामान्यरूप 'नफ्या-') : माल विकून किंवा भांडवल गुंतवून हाती आलेल्या रकमेतून त्यापायी झालेला सगळा खर्च वजा जाता जे उरते ते. याच्या उलट तोटा. दोन्ही मिळून 'नफातोटा'. शब्द मूळचा अरबी आणि फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. अरबीत 'नफ्अ' म्हणजे उपयोग, हित. मराठीने तो पैशापुरता आवळून घेतला. गुजरातीतला 'नफो' आणि हिंदीतला 'मुनाफा' ही याचीच भावंडे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा शब्द रुजला तो आदिलशाहीच्या काळात, असे मानायला हरकत नाही. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द 1534–1558) महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवायला लावले. लिहिणारे हात बदलले, पण जमा, खर्च, वसूल, बाकी हे शब्द वहीतच राहिले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय काढले. पेठेने ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. 1956 साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, 2014 मध्ये शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले, तरी मराठी दुकानदाराच्या वहीत नफा आहे तिथेच आहे.

नफा, फायदा आणि लाभ हे शब्द कोशात एकमेकांसमोर मांडलेले असतात, पण बोलण्यात त्यांची अदलाबदल होत नाही. फायदा सगळ्यात ऐसपैस: औषधाचा होतो, ओळखीचा होतो, पावसाचाही होतो. लाभ संस्कृत 'लभ्' धातूवरून आलेला, आणि त्याला सोवळे आहे. देवळाच्या फलकावर 'महाप्रसादाचा लाभ घ्यावा' असते. तिथे 'नफा घ्यावा' लिहिले तर पुजारीही हसेल. सरकारी योजनेचाही लाभच मिळतो आणि घेणारा लाभार्थी होतो. नफ्याला मात्र मुद्दल लागते. पगार हा नफा नव्हे, बक्षीस नव्हे, वाडवडिलांची जमीन वाट्याला आली तर तोही नव्हे. 'नफेखोर' हा शब्द तर सरळ शिवीच्या अंगाने जातो ('खोर' म्हणजे खाणारा). 'लाभखोर' असा शब्द मराठीत नाही.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'शुभ लाभ' काढतात. शेवटच्या पानांवर मांडला जातो तो नफातोटा. जुन्या पद्धतीने धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात: लाभ, दोन, तीन असे पुढे. एकटेपणाचा आकडा राशीवर उच्चारायचा नाही, हा त्यामागचा भाव. सीमाभागात हे विशेष सोयीचे, कारण कानडीतही लाभ म्हणजे लाभच; रास कानडी शेतकऱ्याची आणि माप मराठी मापाऱ्याच्या हातात असले तरी पहिला शब्द दोघांनाही कळतो.

गंमत अशी, की ज्याला नफा होतो तो हा शब्द सहसा तोंडाने उच्चारत नाही. बेळगावच्या रविवार पेठेत एखाद्या व्यापाऱ्याला 'नफा किती?' असे विचारून पाहावे. उत्तर येते, 'काय सुटतंय बगा त्यात? टेंपोचं भाडं निघालं तरी मिळवली.' गिऱ्हाईक कानडी असेल तर तेच 'लाभ इल्ल री' (लाभ नाही हो) होते. बोलीत पैसे 'सुटतात', 'राहतात' किंवा 'हाताला लागतात'. दर पटला नाही तर 'परवडत नाही'. तोट्याच्या सौद्याला 'आतबट्ट्याचा व्यवहार' म्हणतात आणि तो मात्र प्रत्येक जण मोकळेपणाने सांगतो. नजर लागेल ही भीती, उधारी मागतील ही धास्ती आणि समोरच्याने भाव पाडून मागू नये ही हुशारी, या तिन्हींचे ते मिश्रण असावे.

शाळेतला हिशेब सोपा: विक्री किंमत वजा खरेदी किंमत. शेकडा नफा खरेदीवर काढायचा, हेही तिथेच शिकवतात. दुकानदार पुष्कळदा विक्रीवर धरतो. 80 रुपयांची वस्तू 100 ला विकली, तर खरेदीवर 25 टक्के आणि विक्रीवर 20. दोघेही खरे बोलतात, पण आपण कशावर टक्के काढले ते सांगत नाहीत. त्यात दुकानाचे भाडे, वीज, नोकरांचा पगार वजा व्हायच्या आधीचा तो ढोबळ नफा आणि नंतरचा निव्वळ.

शेतीत हा शब्द फार अवघडतो. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या रताळ्यांचे उदाहरण घेऊ. समजा, पाच क्विंटल माल 1,200 रुपये दराने गेला, म्हणजे 6,000 झाले. हमाली, तोलाई, पोती आणि टेंपो यांचे 1,100 वजा जाऊन पट्टीवर (अडत्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर) 4,900 आले. वेल, खत आणि बाहेरची मजुरी 3,500. उरले 1,400, आणि घरात 'चौदाशे सुटले' असे सांगितले जाते. नवराबायकोने प्रत्येकी दहा दिवस रानात घातले, ते 300 रुपये रोजाने धरले तर 6,000 होतात. मग सुटले काहीच नाही, उलट 4,600 अंगावर आले. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च म्हणूनच वेगवेगळ्या तऱ्हेने काढतो: 'ए2' मध्ये पदरचा रोख व वस्तुरूप खर्च, 'ए2+एफएल' मध्ये घरच्या माणसांची मजुरीही, 'सी2' मध्ये त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज. केंद्र सरकारचा दीडपट हमीभाव 'ए2+एफएल' वर मोजला जातो, 'सी2' वर नाही. भांडण तिथेच आहे. रताळी, बटाटा आणि तंबाखू तर हमीभावाच्या यादीतच नाहीत. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मेले, तेव्हाही मागणी रास्त भावाची होती. नफा हा शब्द शेतकऱ्याने आपल्या मालासाठी क्वचितच वापरला.

तो अधिकृतपणे आणि मोठ्याने वाचला जातो तो सोसायटीच्या वार्षिक सभेत. सीमाभागातल्या काही संस्थांचे सभासद दोन-तीन राज्यांत असल्याने त्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली (2002) नोंदलेल्या असतात. त्या कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्यातले किमान 25 टक्के राखीव निधीला जातात, 1 टक्का सहकार शिक्षण निधीला आणि किमान 10 टक्के अनपेक्षित तोट्यासाठी बाजूला पडतात. मगच सभासदांचा लाभांश. वाटायच्या वेळी नफ्याचा पुन्हा लाभ होतो. ताळेबंदात मात्र हा नफा येणे बाजूला नसून देणे बाजूला छापलेला असतो, आणि अहवाल उलटापालटा करून 'मिळालेला पैसा देण्यात कसा हो, सेक्रेटरी?' असे विचारणारा एखादा अण्णा मागच्या रांगेत असतोच. उत्तर एवढेच, की तो पैसा संस्थेने सभासदांचा म्हणून धरलेला असतो, म्हणजे अण्णांचाच.