ज्वारीतलं विष आणि साबुदाण्याचा कंद

कोवळ्या ज्वारीत जनावर घुसू द्यायचं नाही, हे मराठवाड्यात गुरं वळणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. पावसानं ओढ दिली आणि गुडघ्याएवढी ज्वारी सुकू लागली, की ती जास्तच बाधते. लहानपणी आमची एक कालवड अशीच गेली. धापा टाकत खाली बसली ती उठलीच नाही.

त्या विषाचं नाव सायनाइड. एकादशीला आपण ज्याची खिचडी करतो, तो साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्या कसाव्यातही हेच विष असतं. साबुदाण्याच्या दाण्यापर्यंत मात्र ते पोचत नाही. असं का होतं, हे मला पुस्तकापेक्षा नीट कळलं ते बांधावर दोन झाडं वाढवून.

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमुळे तो केरळात आला. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी 1880 नंतरच्या काही वर्षांत तो गरिबाचं अन्न म्हणून रुजवला. साबुदाणा पूर्वी मलायाकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलमच्या बाजूला कसाव्यापासून तो बनू लागला. आज आपल्या किराणा दुकानातला साबुदाणा बहुतेक तिकडचाच.

तिथूनच मी वीतभर लांबीच्या पाच कांड्या आणल्या. याला बी पेरत नाहीत, उसासारखं बेणंच लावतात. तीन कांड्या बोअरजवळच्या काळ्या रानात लावल्या, दोन मुरमाड बांधाला. पानं फुटली तेव्हा शेजारचे आबा म्हणाले, "हे तर एरंडच हाय की!" आबांची नजर पक्की. कसावा एरंडाच्याच कुळातला आहे, पानही तसंच हाताच्या बोटांसारखं फाकलेलं. भाद्रपदात पाणी साचलं आणि काळ्या रानातल्या तिन्ही कांड्या सडल्या. बांधावरच्या दोन तगल्या, त्याही वरचं पाणी न देता. हवा कोरडी झाली की हे झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं, फारच ताण पडला तर पानं गाळतं आणि पावसाची वाट बघतं. आपल्या माळरानाला शोभेल असा स्वभाव.

नवव्या महिन्यात, मार्चमध्ये, खोड छाटलं, बुडाची माती टिकावानं सैल केली आणि खुंट धरून ओढलं. रताळ्यासारखे लांबट, मनगटाएवढे कंद निघाले. इथून पुढे घाई करावी लागते, कारण उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळा पडू लागतो.

विष कंदात तयार स्वरूपात नसतं. पेशीच्या पोटात लिनामारिन नावाचा साखरेला बांधलेला पदार्थ असतो आणि त्याला तोडणारं विकर पेशीच्या भिंतीत असतं. कंद शाबूत असेतो दोघांची गाठ पडत नाही. उंदरानं कुरतडलं की पेशी फुटतात, दोघं एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. ज्वारीत लिनामारिनच्या जागी धुरिन असतं, बाकी युक्ती तीच. कालवडीनं चघळलं, तिथंच विष तयार झालं.

माणसानं झाडाची हीच युक्ती त्याच्यावर उलटवली. खायच्या आधीच कंद किसायचा, म्हणजे विष तोंडाबाहेर सुटतं. ते पाण्यात विरघळतं, आणि 26 अंशांच्या आसपासच उकळत असल्यामुळे उघड्या हवेत उडूनही जातं. कडू, म्हणजे जास्त विष असलेल्या, जातीचे मोठे तुकडे थेट उकळत्या पाण्यात टाकणं म्हणूनच धोक्याचं. उष्णतेनं विकर आधी मरतं आणि लिनामारिन आतच राहतं.

या कामाला वेळ लागतो, आणि दुष्काळात माणसाकडे तोच नसतो. 1981 मध्ये मोझांबिकच्या नामपुला प्रांतात पिकं करपली, कडू कसावाच तेवढा उरला. भुकेल्या घरांनी तो पुरता न भिजवता, न वाळवता खाल्ला. हजाराहून जास्त जणांचे पाय कायमचे लुळे पडले, त्यांत बायका आणि लेकरं जास्त. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे वाचून गलबलून येतं.

मी घरी साल जाड काढली, कारण सालीत विष जास्त. कंद किसले, फडक्यातून पाण्यात गाळले, पाणी निवळू दिलं. तळाशी पांढरीशुभ्र खळ बसली. वरचं पाणी दोनदा बदललं आणि शेळ्यांच्या वाटेपासून लांब ओतलं. चार किलो कंदांतून जेमतेम अर्धा किलो स्टार्च मिळाला.

कारखान्यात हीच ओली खळ हलवून-हलवून तिच्या गोळ्या करतात आणि तापल्या पत्र्यावर भाजतात. वरचा थर शिजून चिकटतो, आत कच्चा स्टार्च राहतो, मग गोळ्या उन्हात वाळवतात. म्हणून साबुदाणा भिजवताना पाणी दाण्यांच्या जरा वर एवढंच हवं. जास्त झालं की स्टार्च फुगून खिचडीचा लगदा होतो. दाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. ती उणीव आपल्याकडचं शेंगदाण्याचं सढळ कूट बरीच भरून काढतं.

एकरभर कसावा लावा, असं मी कुणाला म्हणणार नाही. दोन दिवसांत माल उचलणारा कारखाना जवळ नसेल तर तो शेतातच नासेल. मुरमाड बांधावर चार झाडं मात्र जरूर लावावीत. छाटलेल्या खोडांची मोळी मी आंब्याच्या सावलीत उभी करून ठेवली आहे. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की त्यातल्या चार कांड्या आबांच्या बांधावर जाणार आहेत.