आरडीएचा आकडा आणि संतुलित ताट

संतुलित आहार कशाला म्हणतात, हे मराठवाड्यातल्या वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, तांदुळजा किंवा चुक्याची भाजी, कारळाची नाहीतर जवसाची चटणी, वाटीभर ताक आणि हंगामातले एखादे फळ असे ताट ज्याच्यापुढे आले आहे, त्याला अन्नगट पाठ करण्याची गरज पडत नाही. घोळ सुरू होतो तो या ताटाशेजारी ‘आरडीए’ हा शब्द येऊन बसतो तेव्हा. मी आहारशास्त्र शिकवते आणि दरवर्षी नव्या वर्गात तोच घोळ नव्याने निस्तरते, म्हणून तो येथे एकदा सविस्तर मांडत आहे.

आरडीए म्हणजे शिफारस केलेले दैनंदिन प्रमाण. ते पदार्थांचे नसते, पोषकांचे असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे प्रमाण ठरवले, त्यात ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीसाठी प्रथिने सुमारे ४६ ग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम १,००० मिलिग्रॅम असे आकडे आहेत. प्रथिने ४६ ग्रॅम म्हणजे ४६ ग्रॅम डाळ नव्हे, एवढे बहुतेकांना कळते, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. हे प्रमाण रोजच्या रोज मोजायचे नसून अनेक दिवसांच्या सरासरीत पाहायचे असते, हेही एकदा सांगितले की पटते.

खरी अडचण पुढे आहे. जवळजवळ सगळे जण आरडीएला किमान गरज समजतात, म्हणजे त्याच्या खाली गेलो की कमतरता झालीच, असे धरून चालतात. आकडा ठरवण्याची पद्धत पाहिली तर हा समज टिकत नाही. एकाच वयाच्या आणि एकाच वजनाच्या शंभर निरोगी स्त्रियांची लोहाची गरज सारखी नसते. त्या सगळ्यांच्या गरजेचा मध्य काढला की जो आकडा येतो त्याला अंदाजित सरासरी गरज म्हणतात, आणि लोहाच्या बाबतीत ती स्त्रियांसाठी १५ मिलिग्रॅम आहे. या आकड्यावर निम्म्या स्त्रियांची गरज भागते, निम्म्यांची भागत नाही. म्हणून तज्ज्ञ त्यावर पुरेशी वाढ धरतात, इतकी की गटातल्या साडेसत्त्याण्णव टक्के स्त्रियांची गरज त्या आकड्याच्या आत बसावी, आणि त्या वाढलेल्या आकड्याला आरडीए म्हणतात. घराच्या दाराची चौकट उंच ठेवतात ती घरातल्या सर्वांत उंच माणसालाही वाकावे लागू नये म्हणून. चौकटीला ज्याचे डोके लागत नाही तो बुटका, असे कोणी म्हणत नाही. आरडीएच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच म्हणत असतो.

वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने आठवडाभर आपल्या खाण्याची वही ठेवली होती. पानाच्या उजव्या कडेला लाल शाईने रोजची वजाबाकी होती: २९ वजा २०, बाकी ९. शेवटच्या पानावर तिने लिहिले होते, ‘मला रोज ९ मिलिग्रॅम लोहाची कमतरता आहे.’ वजाबाकी बरोबर होती, पण वाक्य चूक होते. वीस हा आकडा सरासरी गरजेच्या बराच वर आहे. तेवढ्यात तिचे भागत असण्याची शक्यता चांगली आहे, खात्री मात्र नाही, आणि वहीतून एवढेच सांगता येते. तिच्या अंगात लोह कमी आहे की नाही, हे रक्त तपासल्यावर कळते. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले तर डॉक्टर ज्या गोळ्या देतात त्यांचे प्रमाण उपचाराचे असते, आणि ते आरडीएशी ताडून पाहणे किंवा आरडीए वाचून गोळी बंद करणे ही आणखी मोठी चूक आहे. आरडीए निरोगी माणसांसाठी आहे.

याच घोळाची दुसरी बाजू मला अधिक खटकते. ज्याचा आकडा भरला, त्याचा आहार संतुलित झाला असे मानले जाते. हिशोबच करून पाहू. दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ५० ग्रॅम तूरडाळीचे वरण आणि २० ग्रॅम शेंगदाण्याची चटणी एवढेच खाल्ले तर ज्वारीतून सुमारे ३०, डाळीतून ११ आणि शेंगदाण्यातून जवळपास ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज ४६, म्हणजे प्रथिनांचा आरडीए काठोकाठ भरला. याच ताटात कॅल्शियम दीडशे मिलिग्रॅमही नाही आणि क जीवनसत्त्व नावापुरते आहे. शिवाय ४६ हा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी आहे. प्रथिने मुख्यतः धान्यातूनच येत असतील तर वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ५५ ग्रॅम धरावीत, असे तोच अहवाल सांगतो, कारण ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. वरण वाढवले की ती उणीव डाळ भरून काढते, आणि म्हणून वरण-भाकरीची जोडी मला डब्यातल्या कोणत्याही प्रोटीन पावडरीपेक्षा जास्त मोलाची वाटते. पावडर एक आकडा भरते. त्याच्या शेजारची भाजी, ताक आणि लिंबाची फोड तिला आणता येत नाही, आणि त्या फोडीतले क जीवनसत्त्व भाकरीतले लोह अंगी लागायला मदत करते, हे आरडीएच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. जेवण होताच चहा घेतला तर त्याच लोहाचे शोषण घटते, हेही तक्ता सांगत नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०१८ साली आलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण याच संदर्भात आठवतो. साध्या ज्वारीपेक्षा त्यात लोह आणि जस्त जास्त आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण ‘ही भाकरी खा, भाजी नसली तरी चालेल’ असे कोणी त्याच्या नावावर सांगू लागले तर ते मला मान्य नाही. वाण सुधारल्याने भाकरीतले लोह वाढते, तांदुळजाची जागा भरत नाही.

ऊर्जेचे गणित वेगळे आहे. उष्मांकांसाठी मुळात आरडीए दिलाच जात नाही, सरासरी गरजच दिली जाते: बैठे काम करणाऱ्या स्त्रीला सुमारे १,६६० आणि कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला सुमारे २,७२० किलोकॅलरी. प्रथिने थोडी जास्त झाली तर निरोगी शरीर ती निभावून नेते, उष्मांक रोज जास्त झाले तर ते अंगावर चढतात, म्हणून तेथे वाढ धरत नाहीत. पाकिटावरच्या मजकुराबाबतही सावध राहावे. तेथे आरडीएची टक्केवारी २,००० किलोकॅलरीच्या सरसकट आहारावर काढलेली असते, आणि साखर व सोडियम यांच्यापुढची टक्केवारी मर्यादा दाखवते. बिस्किटाच्या पुड्यावर साखरेपुढे ‘४० टक्के’ दिसले तर उरलेले साठ टक्के भरून काढायचे नसतात.

माझे मत विचाराल तर घरच्या स्वयंपाकघरात आरडीएचा तक्ता लावूच नये. तो वसतिगृहाची खानावळ, अंगणवाडीचा आहार किंवा शाळेतले जेवण आखणाऱ्यांसाठी आहे, कारण तेथे एकाच पातेल्यातून अनेकांची गरज भागवायची असते आणि कोणाची गरज किती हे कोणालाच ठाऊक नसते. घरी पाहायचे ते एवढेच की भाकरीच्या बरोबरीने वरण घट्ट आहे का, पालेभाजी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी होते का, आणि ताक फक्त पुरुषांच्या ताटापुरतेच तर उरत नाही ना.