दारुहळदीचा जोडीदार

काष्ठौषधींच्या दुकानात रसांजन मागितलं की कागदाच्या पुडीत काळपट, किंचित चिकट खडा मिळतो. वाटीभर पाण्यात टाकला की पाणी हळूहळू पिवळं होऊ लागतं. दारुहळदीचा काढा दुधासोबत आटवून तो करायचा, आणि डोळे आले, जखम चिघळली की वापरायचा, ही आयुर्वेदातली फार जुनी रीत. तो पिवळा रंग बर्बेरिन नावाच्या अल्कलॉइडचा, म्हणजे झाडातल्या एका रसायनाचा.

बर्बेरिन जंतू मारतं, हे प्रयोगशाळांना केव्हाच ठाऊक होतं. ‘अमुक वनस्पतीचा अर्क सुपरबगवर (औषधांना न जुमानणाऱ्या जंतूवर) रामबाण’ अशा बातम्या आपण वाचतो, त्या बहुतेक अशाच प्रयोगांच्या असतात. पण प्रयोगशाळेच्या बशीतला जंतू मारायला फिनेलही पुरतं. माणसाच्या पोटात काय होतं, ते बांगलादेशातल्या १६५ रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. ई. कोलाय जंतूमुळे होणाऱ्या जुलाबांवर बर्बेरिनचा बऱ्यापैकी उपयोग झाला, कॉलऱ्यावर फारसा नाही. शिवाय तोंडावाटे घेतलेलं बर्बेरिन रक्तात जेमतेम उतरतं. त्यामुळे आतड्याबाहेरच्या संसर्गावर त्याची गोळी देऊन भागत नाही.

दरम्यान अँटिबायोटिकांची गत बिघडतच होती. जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंपैकी पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांसाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं, आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही दाद न देणारे जंतू सापडल्याची बातमी आली. पुढे या जंतूची आणखी एक युक्ती कळली. त्याच्या पेशीच्या आवरणात पंप असतात, ते आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकतात. यातल्या एकाचं नाव नॉरए. नॉरफ्लॉक्सासिनच्या गोळ्या घराघरात गेल्या, त्याच औषधावरून हे नाव पडलं. गंमत म्हणजे हाच पंप बर्बेरिनही बाहेर फेकतो. बर्बेरिन दुबळं वाटतं, त्यामागे हे एक कारण.

मग झाड असं कुचकामी रसायन बाळगतं कशाला? हा प्रश्न फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस या संशोधकांच्या गटाने धरून ठेवला. अमेरिकेतल्या रानटी दारुहळदीत, बर्बेरिस फ्रेमॉन्टीत, त्यांना एक दुसरं रसायन मिळालं. एकटं असताना ते जंतूचा केसही वाकडा करत नाही. पण बर्बेरिनसोबत दिलं की नॉरए ठप्प होतो आणि बर्बेरिन पेशीतच साचत जातं. २००० साली हा शोध छापून आला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धागा हाच आहे. झाडातलं मारेकरी रसायन सगळे शोधत होते, त्याच्या जोडीदाराकडे कुणी पाहिलं नव्हतं.

या जोडीदाराचं नाव लांबलचक आहे: ५'-मेथॉक्सीहिडनोकार्पिन. त्यातला ‘हिडनोकार्पस’ मात्र आपल्या ओळखीचा. कोकणात, गोव्यात ओढ्याकाठच्या सदाहरित रानात वाढणारं कडू कवठ याच प्रजातीतलं. या झाडांच्या बियांचं तेल म्हणजे चालमोगरा, कुष्ठरोगावरचं जुनं औषध. कलकत्त्याच्या फ्रेडरिक मौआट यांनी १८५४ मध्ये ते पाश्चात्त्य वैद्यकापुढे मांडलं. प्यायलं तर मळमळ, टोचलं तर ठणका, अशी त्याची कीर्ती. १९१५-१६ च्या सुमारास हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने ते टोचण्याजोगं केलं. कुष्ठरोगावर डॅप्सोन हे औषध आल्यावर हे तेल मागे पडलं. पण १९६४ मध्ये डॅप्सोनलाही न जुमानणारे जंतू सिद्ध झाले, आणि १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटना कुष्ठरोगाला अनेक औषधं एकत्र देण्याची शिफारस करू लागली. दारुहळदीत जो जोडीदार भेटला, तो या तेलात अगदी थोड्या प्रमाणात असल्याची नोंद आधीपासूनच होती.

२००६ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेने मिरीतलं पायपरिन सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला अशीच साथ देतं, हे स्टॅफिलोकॉकसवर दाखवलं. तरी जंतूंचा पंप बंद पाडणारी गोळी अजून दवाखान्यात पोचलेली नाही. बशीत पुरणारी मात्रा शरीरात गाठणं अवघड, आणि क्लेब्सिएलासारख्या जंतूंना तर बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून औषध आत शिरणंच कठीण. पायपरिन मात्र दुसऱ्या दाराने औषधात शिरलं. २००९ मध्ये क्षयरोगासाठी आलेल्या एका भारतीय कॅप्सूलमध्ये रिफॅम्पिसिन २०० मिलिग्रॅमवर आणलं आणि सोबत १० मिलिग्रॅम पायपरिन घातलं. पण तेही पंपासाठी नव्हे. रिफॅम्पिसिन रक्तात जास्त उतरावं, एवढ्यासाठीच.