२५ बाइटांत कोरा पडदा

डॉस या जुन्या पीसींवरच्या कार्यप्रणालीच्या पडद्यावर २५ ओळी मावतात आणि एका ओळीत ८० अक्षरं. म्हणजे २,००० घरं झाली. प्रत्येक घराला मेमरीत दोन बाइट: एकात अक्षर, दुसऱ्यात त्याचा रंग. कलर कार्ड असेल तर ही ४,००० बाइटांची पट्टी बी८०० या सेगमेंटला (मेमरीतल्या भागाचा पत्ता; तो हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या अंकपद्धतीत लिहितात) सुरू होते. तिथे लिहिलं की लगेच पडद्यावर उमटतं, मध्ये कुणाला विचारावं लागत नाही. मला या यंत्राची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

तेव्हा पडदा पुसायचा म्हणजे या २,००० घरांत काळ्यावर राखाडी रंगाची रिकामी जागा भरायची. पण त्यासाठीची सीएलएस ही आज्ञा प्रॉम्प्टवरच, म्हणजे डॉस आज्ञेची वाट बघत असतानाच चालते. दुसरा प्रोग्रॅम चालू असताना, एका कळीसरशी पडदा कोरा व्हायला हवा असेल तर?

डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवतो आणि तो संपला की त्याची जागा काढून घेतो. त्याला एक पळवाट आहे. प्रोग्रॅमने संपताना हेक्समधला इंटरप्ट २७ (इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून ठरलेल्या कोडकडे नेणारी हाक) बोलावला, की डॉस त्याने सांगितलेली जागा राखून ठेवतो. अशा, संपूनही मेमरीत राहणाऱ्या प्रोग्रॅमांना टीएसआर म्हणतात.

मग त्याला जागं कोण करणार? मेमरीच्या अगदी सुरुवातीला १,०२४ बाइटांचा एक तक्ता असतो. त्यात प्रत्येक इंटरप्टच्या कोडचा एक असे २५६ पत्ते, एकेक ४ बाइटांचा. प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की बायॉस (यंत्रातच कायमचा बसवलेला मूळ प्रोग्रॅम) त्यातला इंटरप्ट ५ चा पत्ता बघून तिकडे उडी मारतो. तिथे आपल्या प्रोग्रॅमचा पत्ता लिहून ठेवला की झालं. छपाईची सोय जाते, तेवढं सोसायचं.

खरी गंमत आतल्या कोडमध्ये आहे. ईएस, एएक्स, सीएक्स, डीआय ही चार रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतली छोटी घरं) स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या थप्पीवर ठेवायची, ईएसमध्ये बी८००, डीआयमध्ये शून्य, सीएक्समध्ये २,००० आणि एएक्समध्ये हेक्स ०७२० (०७ म्हणजे काळ्यावर राखाडी, २० म्हणजे रिकामी जागा) घालायचं. मग ‘रेप स्टॉसडब्ल्यू’ ही एकच सूचना सगळी घरं भरून टाकते. शेवटी रजिस्टरं उलट्या क्रमाने काढून ‘आयरेट’, म्हणजे थांबलेल्या कामाकडे परत. मोजून २५ बाइट! गंमत म्हणजे डॉस प्रत्येक प्रोग्रॅमपुढे स्वतःचा २५६ बाइटांचा मथळा जोडतो, तो याच्या दहापट मोठा.

रजिस्टरं जपायची, कारण इंटरप्ट ५ दुसरा एखादा प्रोग्रॅमही बोलावू शकतो आणि त्याचं अर्धवट गणित त्यांतच असतं. डॉसला मात्र आतून हाक मारायची नाही, हे फार महत्त्वाचं. कळ दाबली त्या क्षणी तो फ्लॉपीवर फाइल लिहीत असू शकतो. डॉस आपल्या कामासाठी स्वतःचा स्टॅक वापरतो. काम अर्धवट असताना पुन्हा आत शिरलं तर तोच स्टॅक तो पहिल्यापासून वापरायला घेतो आणि आधीच्या कामाच्या खुणा नाहीशा होतात. थेट पडद्याच्या मेमरीत लिहिण्यामागे वेगापेक्षा हे कारण मोठं आहे.

कर्सर मात्र हलत नाही. त्याची जागा व्हिडिओ कार्ड वेगळी सांभाळतं. पत्र लिहिता लिहिता कळ दाबलीत तर कोऱ्या पडद्यावर तो होता तिथेच लुकलुकत राहील. पत्राचा मजकूर एडिटरच्या मेमरीत जसाच्या तसा असतो. पान खालीवर केलं की ओळी परत येतात.